दरडीच्या नकाशातून एखादी वाडी कशी निसटते?

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाचा उतार सुटला आणि पायथ्याची इर्शाळवाडी त्याखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि काही दिवसांनी शोध थांबवावा लागला. त्यानंतर सरकारने विधिमंडळात सांगितले की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

अनेकांना ही सबब वाटली आणि तो राग समजण्यासारखा आहे. पण यादीत नसणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले नाही तर पुढची वाडीही अशीच निसटेल. अशा याद्या भूवैज्ञानिकांची पाहणी, नकाशे आणि जुन्या घटनांच्या नोंदी यांवरून तयार होतात. नकाशाला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे डोंगराखाली राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे, असे मला कळकळीने वाटते.

आधी एक गोंधळ दूर करू. वर्तमानपत्रात ज्याला सरसकट ‘दरडींच्या धोक्याचा नकाशा’ म्हणतात, ते प्रत्यक्षात तीन वेगळे नकाशे असतात. पहिला प्रवणतेचा. कोणता उतार सुटण्याजोगा आहे, एवढेच तो सांगतो. दुसरा धोक्याचा. तो उतार किती वर्षांत एकदा सुटू शकेल, किती माल खाली येईल, कुठवर येईल, हे त्यात असते. तिसरा जोखमीचा. खाली येणाऱ्या त्या मालाच्या वाटेत घरे किती, शाळा आहे का, रस्ता आहे का, रात्री तिथे किती माणसे झोपलेली असतात, हे त्यात मांडलेले असते. कोकणकड्यावरून निखळलेली शिळा खालच्या निर्मनुष्य रानात पडली तर धोका खरा, पण जोखीम जवळपास नाही. तशीच शिळा माळशेज घाटातल्या रस्त्यावर आली तर गोष्ट वेगळी.

आपल्याकडे देशभर जो नकाशा उपलब्ध आहे तो पहिल्या प्रकारचा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, म्हणजे जीएसआय, या संस्थेने २०१४-१५ पासून राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेऊन देशातल्या सुमारे ४.३ लाख चौरस किलोमीटर डोंगराळ भागाची प्रवणता मांडली. हिमालय, ईशान्य भारत, पश्चिम घाट असा मोठा पसारा त्यात येतो. काम प्रचंड आहे आणि त्याला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. फक्त त्याचे प्रमाण लक्षात घ्यावे लागते: १:५०,०००. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. डोंगरातली दोनशे मीटरभर पसरलेली वाडी त्या कागदावर चार मिलिमीटरची होते. चार मिलिमीटरच्या ठिपक्यात वरचे घर धोक्यात आणि खालचे सुरक्षित, असा फरक दाखवता येत नाही. असा नकाशा म्हणजे पहिली चाळणी. कोणत्या तालुक्यात, कोणत्या डोंगररांगेत बारकाईने बघायला जायचे ते तिने ठरते. माणसे उठवायची की नाही, हे त्यावरून ठरवू नये.

नकाशा तयार कसा होतो?

सुरुवात उंचीपासून होते. उपग्रहांनी मोजलेल्या उंचीवरून जमिनीचे चौकोनी तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याला एक उंची देतात. शेजारच्या तुकड्यांमधल्या फरकावरून उतार किती अंशांचा, त्याचे तोंड कोणत्या दिशेला, पाणी कुठे गोळा होते, हे संगणक काढतो. सहज मिळणाऱ्या माहितीत हा तुकडा ३० मीटरचा असतो. घर बांधण्यासाठी वा रस्त्यासाठी डोंगर पाच-सहा मीटर उभा कापला असेल, तर तो काप ३० मीटरच्या सरासरीत विरून जातो. आणि पावसाळ्यात आधी सुटतो तो बहुधा असा कापच.

या उंचीवर मग बाकीचे थर चढतात: खडक कोणता, त्यातल्या भेगा आणि सांधे कोणत्या दिशेने कललेले, वरची माती किती जाड, झाडी की शेती की उघडा माळ, ओढे आणि रस्ते किती जवळ. यातल्या कशाला किती महत्त्व द्यायचे, हा खरा प्रश्न असतो. त्याचे एक जुने उत्तर भूवैज्ञानिक आर. अनबलगन यांनी १९९२ मध्ये मांडले आणि १९९८ मध्ये भारतीय मानक ब्युरोने त्या धर्तीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. डोंगराला दहापैकी गुण द्यायचे. खडकाच्या प्रकाराला जास्तीत जास्त २, खडकातल्या भेगा-सांध्यांच्या रचनेला २, उताराला २, जमिनीच्या वापराला २, पायथ्यापासून माथ्यापर्यंतच्या उंचीला १ आणि भूजलाला १. उतार ४५ अंशांपेक्षा जास्त असेल तर पूर्ण २ गुण, १५ अंश किंवा कमी असेल तर अर्धा. बेरीज साडेतीनच्या आत असेल तर धोका फारच कमी, साडेसातच्या वर गेली तर फार जास्त.

ही पद्धत हिमालयाच्या अनुभवातून आली आहे आणि तिच्यात दोन गोष्टी ठळकपणे जाणवतात. एक म्हणजे गुणांच्या यादीत पाऊस नाही. पाऊस आणि भूकंप ही बाहेरून येणारी कारणे मानून मुद्दाम बाजूला ठेवली आहेत, कारण डोंगराची स्वतःची प्रकृती तपासायची होती. दुसरी गोष्ट सह्याद्रीसाठी जास्त महत्त्वाची आहे. गुण त्या-त्या तुकड्याला मिळतात. कड्याखालच्या सौम्य उतारावरची वाडी स्वतःच्या उतारापुरते बघितले तर कमी गुणांची ठरते. वर काय उभे आहे, याचा हिशेब तिच्या खात्यात येत नाही.

आता बहुतेक नकाशे आकडेवारीवर बनतात. तर्क सोपा आहे: आधी जिथे दरडी पडल्या त्या जागांमध्ये काय समान होते ते शोधा आणि तसेच जिथे आढळेल ती जागा रंगवा. समजा, एखाद्या तालुक्यात २५ ते ३५ अंशांचा उतार एकूण जमिनीच्या २० टक्के भागावर आहे, पण नोंदलेल्या दरडींपैकी ५० टक्के त्याच उतारावर झाल्या. मग त्या उताराचे वजन ५० भागिले २०, म्हणजे अडीच. आकडा एकपेक्षा जितका मोठा तितका तो गुणधर्म दरडींना पोषक. असे प्रत्येक थराचे वजन काढायचे, प्रत्येक तुकड्याची बेरीज करायची आणि लाल, पिवळा, हिरवा रंग द्यायचा. नकाशा बरोबर आला का, हे तपासायला काही दरडी आधीच बाजूला काढून ठेवलेल्या असतात. त्या संगणकाला दाखवलेल्याच नसतात. त्यांतल्या बहुतेक लाल पट्ट्यात पडल्या तर नकाशा चांगला. यंत्रशिक्षणाच्या (मशीन लर्निंगच्या) नव्या पद्धतीही मुळात हेच करतात. फक्त गुणधर्मांच्या गुंतागुंतीच्या जोड्या त्यांना जास्त चांगल्या ओळखता येतात.

म्हणजे सगळी मदार जुन्या दरडींच्या नोंदीवर. इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०२३ मध्ये देशाचा दरडींचा ॲटलास प्रसिद्ध केला. १९९८ ते २०२२ या काळातल्या सुमारे ८० हजार दरडी त्यात आहेत, १७ राज्ये आणि २ केंद्रशासित प्रदेशांतल्या १४७ जिल्ह्यांमधल्या. आकडा मोठा आहे, पण नोंद कशाची होते ते बघा. रस्ता बंद झाला, रेल्वे अडली, माणसे गेली की नोंद होते. आतल्या रानात डोंगराचा एक लचका तुटून ओढ्यात आला, कोणाचे काही गेले नाही, तर तलाठ्याच्या दप्तरातही तो येत नाही. उपग्रहातून तो दिसायला हवा, पण सह्याद्रीत ज्या दिवसांत दरडी पडतात त्याच दिवसांत आभाळ भरलेले असते. ढग सरेपर्यंत गवत उगवते आणि दोन-तीन पावसाळ्यांत ती जखम हिरवी होते. रडारचे उपग्रह ढगातून बघू शकतात, पण घनदाट झाडी आणि उभे कडे त्यांनाही चकवतात. त्यामुळे घाटरस्ते आणि लोहमार्ग यांच्या आजूबाजूचा नकाशा जास्त शहाणा असतो आणि पायवाटेवरच्या पाड्यांचा कमी. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. बचावपथकांना चिखलातून चढून जावे लागले. संगणकाची पद्धत कितीही नवी आणली तरी नोंदीतली ही पोकळी ती भरू शकत नाही. माझ्या मते पैसा आणि माणसे आधी नोंदींवर लावायला हवीत.

सह्याद्रीची आपली एक खोड

आपला डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. कातळाचा एक जाड थर, त्यावर कधीकधी तांबड्या, चिकणमातीसारख्या पदार्थाचा पातळ थर, मग पुन्हा कातळ. भूवैज्ञानिक त्या तांबड्या थराला रेड बोल म्हणतात. वरच्या कातळाच्या उभ्या भेगांतून पाणी खाली झिरपते आणि त्या थराशी अडते. खाली वाट नाही म्हणून आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर पडते. गावचे झरे अनेक ठिकाणी असेच फुटलेले असतात.

कडे हजारो वर्षे झिजत, ढासळत आले. त्यांची पडलेली दगडमाती पायथ्याशी साठून सौम्य उतार तयार झाला. तिथली माती खोल, नाचणी-वरी पिकवायला बरी, वर झऱ्याचे पाणी, बाजूला रान. माणूस वस्ती करणार ती तिथेच. म्हणजे राहायला जी जागा चांगली, ती पुष्कळदा जुन्या दरडींनीच घडवलेली असते. लोक चुकीच्या जागी राहिले, असे सहज बोलले जाते ते मला पटत नाही. पाणी आणि माती बघून त्यांनी योग्यच जागा निवडली होती. ती जमीन कशी तयार झाली, हे त्यांना सांगणे ज्यांचे काम होते त्यांनी सांगितले नाही.

मुसळधार पावसात अशा उतारावर काय होते? कोरड्या मातीचे कण एकमेकांवर घासून धरून राहतात. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून ढकलू लागतो आणि घर्षण घटते. त्याच वेळी मातीचे वजन वाढलेले असते. धरून ठेवणारे बळ कमी आणि खाली ओढणारे जास्त झाले की उतार सुटतो. झाडांची मुळे वरचा मीटर-दीड मीटर थर बांधून ठेवतात, हे खरे. पण घसरण त्याहून खोल असेल तर झाडीसकट डोंगर येतो.

सुटतो कुठे आणि येतो कुठवर

प्रवणतेचा नकाशा डोंगर कुठून सुटेल ते सांगतो, आणि माणसे मरतात ती माल जिथे पोहोचतो तिथे. या दोन जागांमधले अंतर कधी शंभर मीटर असते, तर कधी काही किलोमीटर.

३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळच्या वायनाड जिल्ह्यात जे झाले त्यात हे भीषण रीतीने दिसले. उतार सुटला तो सुमारे १५५० मीटर उंचीवर. इस्रोच्या उपग्रह चित्रांनुसार वरचा सुमारे ८६ हजार चौरस मीटरचा भाग निसटला आणि दगड, माती, झाडे, पाणी यांचा लोंढा नदीच्या पात्रातून जवळपास ८ किलोमीटर धावला. मुंडक्कई आणि चूरलमला ही गावे त्या वाटेत होती. अडीचशेपेक्षा जास्त माणसे गेली. चूरलमलाचा बाजार नदीकाठच्या बऱ्यापैकी सपाट जागेवर होता. निव्वळ उतार मोजणारा नकाशा अशा जागेला लाल रंग देत नाही.

म्हणून दुसऱ्या प्रकारचा नकाशा लागतो. लाल तुकड्यातून माल सुटला असे धरायचे आणि पाण्याच्या वाटेने तो कुठवर जाईल ते गणिताने काढायचे. किती घनमीटर माल, किती पातळ, ओढ्याचा उतार किती, वळणावर तो पात्राबाहेर उडी घेईल का, हे सगळे त्यात येते. ३० मीटरचा तुकडा इथे कामाचा नाही. ड्रोन किंवा विमानातून लेझरने मोजलेली एक-दोन मीटरची उंची हवी. झाडीच्या फटींतून लेझर जमिनीपर्यंत पोहोचतो, त्यामुळे रानाखाली दडलेल्या जुन्या दरडींचे आकारही उघडे पडतात. सगळा सह्याद्री असा मोजणे महाग आहे हे मान्य. पण पहिल्या चाळणीने वेगळ्या काढलेल्या डोंगरांखालच्या वाड्या मोजणे अशक्य नाही.

पाऊस किती झाला म्हणजे निघायचे?

जागा कळली तरी वेळ कळत नाही. त्यासाठी पावसाची मर्यादा ठरवतात. नेल केन या अभ्यासकाने १९८० मध्ये जगभरच्या उथळ दरडी तपासून एक सूत्र मांडले. त्यानुसार २४ तासांत साधारण १०० मिलिमीटर पाऊस झाला की दरडींची शक्यता सुरू होते. कोकणातल्या माणसाला हे ऐकून नवल वाटेल, कारण आपल्याकडे एका पावसाळ्यात असे दिवस अनेकदा येतात. दर वेळी गाव खाली करायचे म्हटले तर तिसऱ्या वेळी कोणी जागचे हलणार नाही. म्हणून मर्यादा त्या-त्या भागाची हवी आणि तिच्यात आधीच्या दिवसांचा पाऊसही धरायला हवा. इर्शाळवाडीच्या परिसरात घटनेआधीच्या तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. २०२१ च्या २२ जुलैला महाड तालुक्यातले तळिये गाडले गेले. त्याच चोवीस तासांत घाटमाथ्यावर महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. घाटात पाऊस दोन-चार किलोमीटरवर बदलतो, त्यामुळे तालुक्याच्या गावी बसवलेला पर्जन्यमापक वाडीचा पाऊस सांगत नाही.

जीएसआयने कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू केले ते १९ जुलै २०२४ ला, इर्शाळवाडीच्या दुर्घटनेला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी. अकरा दिवसांनी वायनाड घडले. दार्जिलिंग आणि निलगिरीत पूर्वसूचनेचे काम आधीपासून सुरू आहे, आणि सह्याद्रीला त्याची तितकीच गरज आहे. पण सूचना तालुक्यापुरती येऊन थांबली तर उपयोग अर्धाच. कोणत्या वाडीने, कोणत्या वाटेने, कोणत्या शाळेत जायचे हे आधी ठरलेले हवे, कारण दरड अनेकदा रात्री, वीज गेलेली असताना आणि मोबाइल बंद असताना येते.

हाँगकाँगने यात मोठा पल्ला गाठला. तिथे १८ जून १९७२ या एकाच दिवशी दोन दरडींत १३८ माणसे गेली. १९७६ मध्ये पुन्हा जीवितहानी झाल्यावर १९७७ पासून उतारांसाठी वेगळे सरकारी कार्यालय आले. आज तिथे माणसाने कापलेल्या वा भरलेल्या सुमारे ६० हजार उतारांची नोंदवही आहे. प्रत्येक उताराला क्रमांक आहे आणि त्याची देखभाल कोणाकडे हे लिहिलेले आहे. आपल्याकडे घाटातला नवा रस्ता किंवा डोंगरउतारावरची बंगल्यांची वसाहत झाली की कापलेल्या उताराची जबाबदारी कोणाची, हे विचारायची सोयच नसते. नकाशातला जमीन-वापराचा थर मात्र काही वर्षांपूर्वीचा असतो, त्यामुळे पोकलेन चालला त्या दिवशीच नकाशा जुना होतो. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीण गाडले गेले, दीडशेवर माणसे गेली. तेव्हा उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाचा त्यात किती हात होता, यावर बराच वाद झाला. असा वाद पुन्हा नको असेल तर उतार कापण्याआधी त्याची नोंद व्हायला हवी.

यादीत नाव येण्याची लोकांना भीतीही वाटते, हे विसरून चालणार नाही. नाव आले की उठवतील, दूर कुठेतरी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवतील, शेत आणि रान सुटेल, ही धास्ती आदिवासी पाड्यांत खरी आहे. मग जमिनीला पडलेली भेग कोणी दाखवत नाही. पुनर्वसनाची जागा शेतापासून चालत जाता येईल अशी असेल आणि तिचीही तपासणी तितक्याच काळजीने झाली असेल, तर लोक स्वतः भेगा दाखवतील.

आणि भेगा खरोखर बोलतात. उताराला आडवी गेलेली, अर्धचंद्रासारखी भेग, विशेषतः वाडीच्या वरच्या अंगाला. विजेचे खांब वा झाडे खालच्या बाजूला कलणे. कधी नव्हे तिथे उपळे फुटणे, किंवा बारमाही झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे वा आटणे. दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागणे. भर पावसात ओढ्याचे पाणी एकदम कमी झाले तर वर कुठेतरी माल अडून बांध तयार झाला असण्याची शक्यता असते. तेव्हा बघायला वर जायचे नाही, ओढ्यापासून आडवे, उंचावर निघायचे. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

आपल्या भागाचा प्रवणता नकाशा जीएसआयच्या भूकोश संकेतस्थळावर बघता येतो. ग्रामपंचायतीने तो उघडून आपली वाडी शोधावी, आणि वाडीच्या रंगावर न थांबता तिच्या वरच्या डोंगराचा आणि तिथून उतरणाऱ्या प्रत्येक ओढ्याच्या उगमाचा रंग बघावा. छोटी दरड पडली, कोणाला खरचटलेही नाही, तरी तारीख, वेळ, आधीच्या तीन दिवसांचा पाऊस, माल कुठून सुटला आणि कुठे थांबला हे लिहून फोटोसह तहसील कार्यालयात आणि जीएसआयकडे पाठवावे. त्यांच्या ‘भूस्खलन’ ॲपवरही अशी माहिती देता येते. गावातल्या म्हाताऱ्यांना आजोबांच्या वेळी कोणता ओढा फुटला होता ते आठवत असेल, तर तेही वर्षासकट त्यात लिहावे.